आधी तुमचा शब्द पाळा : फेअरी-प्रणयकादंबऱ्यांच्या प्रकाशकांना खुलं पत्र

प्रति,
किशोरवयीन वाचकांसाठी फेअरी फँटसी प्रणयकादंबऱ्या काढणारे सर्व प्रकाशक आणि त्यांचे संपादक यांस,

स. न. वि. वि.

२०१५ साली किशोरांसाठी म्हणून आलेली एक गाजलेली फेअरी-प्रणयमालिका २०२० साली नवी मुखपृष्ठं चढवून प्रौढांच्या कपाटात हलवली गेली. हलवली ते बरंच झालं. पण मधली पाच वर्षं ती चुकीच्या कपाटात का होती, याचं समाधानकारक उत्तर आम्हाला मिळालेलं नाही. त्यातून बाकीच्यांनी काही धडा घेतलाय असंही दिसत नाही. आजही अशा मालिकेचा पहिला भाग चौदा वर्षांच्या मुलीने खुशाल वाचावा असा असतो आणि तिसऱ्या भागात प्रौढांसाठीचे सविस्तर शय्याप्रसंग येतात. मलपृष्ठावरचा मजकूर मात्र तिन्ही वेळा सारखाच: एक सतरा वर्षांची मुलगी, एक क्रूर राजपुत्र, एक जीवघेणा सौदा.

हे पत्र लिहिणारे आम्ही या प्रकाराचे विरोधक नाही, नेमके उलट आहोत. पुस्तक निघाल्याच्या आठवड्यात ते वाचून संपवणारे आम्हीच. दुसरा भाग यायच्या आधी पहिला पुन्हा वाचणारे आम्हीच. धाकट्या बहिणीने किंवा भाचीने ‘आता काय वाचू?’ म्हणून विचारलं की तिच्या हातात पुस्तक ठेवणारेही आम्हीच. म्हणून चूक तुमची झाली तरी जबाब आम्हाला द्यावा लागतो.

आमच्या तक्रारी बऱ्याच आहेत, पण त्यांचं मूळ एकच. फेअरींचं जग नियमांवर उभं असतं. फेअरी म्हणजे पंख आणि चांदणीची छडी घेतलेली परी नव्हे. जुन्या स्कॉटिश आणि आयरिश कथांतले हे लोक माणसाएवढे, देखणे आणि धोकादायक असतात. त्यांच्या घरचं खाल्लं तर परत येता येत नाही. लोखंड त्यांना सोसत नाही. नाव सांगितलं तर ताबा जातो. आणि दिलेला शब्द त्यांना मोडता येत नाही. या नियमांमुळेच प्रेमकथेला धार येते, कारण ज्याच्यावर जीव जडलाय त्याचं प्रत्येक वाक्य तपासून घ्यावं लागतं. तुम्ही अलीकडे राजपुत्र तेवढा ठेवलात आणि नियम वाऱ्यावर सोडलेत.

पहिली तक्रार सौद्याची. तीच सगळ्यात मोठी, म्हणून सविस्तर सांगतो.

या कादंबऱ्यांत नायिका आणि फेअरी यांच्यात करार होतो, आणि हल्ली तो कसा होतो? ‘त्यांनी सौदा केला’ एवढं एक वाक्य, मनगटावर उमटलेली एक सुंदर नक्षी, आणि प्रकरण संपलं. कराराचे शब्द वाचकाला कळतच नाहीत. मग चाळिसाव्या प्रकरणात राजपुत्र म्हणतो, ‘मी फक्त अमुक कबूल केलं होतं.’ ते अमुक आम्ही कधी वाचलेलंच नसतं. याला पळवाट म्हणत नाहीत. पळवाट आधीपासून भिंतीत असावी लागते आणि आपल्याला ती दिसलेली नसावी लागते.

नीट बांधलेला सौदा कसा असतो, त्याचा आमचाच एक नमुना देतो. राजपुत्र नायिकेला म्हणतो: ‘चंद्र मावळेपर्यंत तुझ्या घरातल्या कुणालाही माझा हात लागणार नाही.’ ऐकायला एका रात्रीचं अभय वाटतं. आता एकेक शब्द धरा. ‘चंद्र मावळेपर्यंत’: पौर्णिमेचा चंद्र पहाटे मावळतो, पण अमावास्येनंतरच्या तृतीयेची कोर सूर्यास्तानंतर साधारण दोन-अडीच तासांत जाते. म्हणजे अभय रात्रभराचं नाही, जेवणं होईपर्यंतचं. ‘घरातल्या’: भाऊ ओसरीवर झोपत असेल तर तो घरातला की बाहेरचा? ‘माझा हात’: नोकराचा हात चालेल, कुत्र्याचे दात चालतील, हातातली सुरीही चालेल. एवढ्याशा वाक्यात तीन भोकं, आणि खोटं एकही अक्षर नाही.

पण वाक्य लिहून काम संपत नाही. वीस-पंचवीस पानं आधी आकाशातली बारीक कोर सहज दिसून गेली पाहिजे. उकाड्यामुळे भाऊ बाहेर झोपतो हे कुठल्यातरी भांडणात येऊन गेलं पाहिजे. मग करार फिरतो तेव्हा वाचक स्वतःच्या कपाळावर हात मारतो आणि मागची पानं उलटून बघतो. तिथे ते सगळं सापडतं. मागची पानं उलटल्यावर हाती काही लागलं नाही तर तो वाचक पुढच्या भागात कुठल्याही शब्दावर विश्वास ठेवत नाही, प्रेमाच्या शब्दावरही नाही.

म्हणून मागणी अशी, की सौदा होतो त्या पानावर त्याचे शब्द अक्षरशः छापा. संपादकाने प्रत्येक कराराचं एक टिपण ठेवावं: नेमके शब्द, कुठल्या रात्री, मुदत कुणाच्या कालगणनेने, किंमत काय, मोडला तर काय होतं. करार पुन्हा निघेल तिथे ते टिपण समोर ठेवून तपासावं. मुदतीची बाब तर विशेष जपायला हवी. आयरिश कथेतला ओशीन हा वीर नीव या तिथल्या राजकन्येबरोबर चिरतारुण्याच्या देशात राहून परततो तेव्हा इकडे तीनशे वर्षं लोटलेली असतात, आणि घोड्यावरून पडून जमिनीला टेकताच तो जख्ख म्हातारा होतो. काळ दोन्हीकडे वेगळा चालतो असं ठरवलंत, तर ‘सात वर्षं’ म्हणजे कुणाची सात, हे लेखकाला पहिल्या दिवसापासून माहीत असायला हवं.

याला लागूनच खोटं न बोलण्याचा नियम येतो. त्याची मुळं जुनी आहेत. जेराल्ड ऑफ वेल्स या मध्ययुगीन धर्मगुरूने ११९१ च्या सुमारास लिहिलेल्या प्रवासवर्णनात एलिडोर नावाचा मुलगा जमिनीखालच्या बुटक्या लोकांकडे जातो. ते लोक शपथ घेत नाहीत, कारण त्यांना खोट्याइतका तिटकारा दुसऱ्या कशाचाच नसतो. थॉमस द ऱ्हायमरच्या स्कॉटिश गाथेत तर फेअरींची राणी माणसालाच खोटं न बोलणारी जीभ बक्षीस देते. तो बिचारा कळवळतो, की आता मला बाजारात खरेदी-विक्री करता येणार नाही आणि बाईकडे प्रेमाची याचनाही करता येणार नाही. प्रेमकथा लिहिणाऱ्याने या एका तक्रारीवर महिनाभर विचार करावा, इतकं त्यात आहे.

आणि तुमच्या पुस्तकांत? ज्याला खोटं बोलता येत नाही तो राजपुत्र जखमी होऊन ‘मी ठीक आहे’ म्हणतो. उपरोधाने ‘वा, काय हुशार आहेस’ म्हणतो. ‘मी तुला कधीच सोडणार नाही’ म्हणतो आणि दोनशे पानांनी सोडून जातो. उपरोध खोट्यात धरायचा का, भविष्याबद्दलचं वचन खोटं ठरू शकतं का, रूपकाचं काय, हे लेखकाने ठरवावं आणि एकदा ठरलं की पाळावं. तपासायची रीत सोपी आहे. त्या पात्राची सगळी विधानं हस्तलिखितातून वेगळी काढा आणि एकेका विधानापुढे, बोलण्याच्या क्षणी ते खरं होतं का, एवढंच लिहा. जिथे ‘नाही’ येईल तिथे वाक्याचा प्रश्न करा, अर्ध्यावर तोडा, ‘लोक म्हणतात की’ जोडा, किंवा त्याला गप्प ठेवा. खोटं न बोलता येणारा माणूस गप्प बसतो तेव्हा त्या गप्प बसण्यालाच अर्थ येतो. या दुरुस्तीने संवाद सुधारतात हे आम्ही चांगल्या पुस्तकांत वारंवार पाहिलंय.

लोखंडाबद्दल थोडक्यात. स्टील म्हणजे लोखंडच. साध्या कार्बन स्टीलमध्ये ९८ टक्क्यांहून जास्त लोखंड असतं. तरी ज्यांना लोखंडाच्या खिळ्याने फोड येतात तेच फेअरी सरदार कमरेला स्टीलची तलवार लावून फिरतात, आणि कुणाच्या लक्षात येत नाही. त्यांना कांस्य द्या, गारगोटी द्या. शेतात सापडणारी गारेची जुनी बाणाग्रं फेअरींची समजली जात, १६६२ साली स्कॉटलंडमध्ये चेटकाचा आरोप असलेल्या इसोबेल गौडीच्या जबानीतही ती आलीत. माणसाच्या अंगातही तीन ते चार ग्रॅम लोखंड असतं, बरंचसं रक्तात. नायिकेचं रक्त ओठाला लागलं तर काय होईल, हा प्रश्न एखाद्या लेखकाने विचारला तरी एक अख्खं प्रकरण उभं राहील. पाळण्यावर उघडी कात्री टांगण्याची जुनी युरोपीय रीत याच भीतीतून आलेली आहे. अशी साधी, घरातली वस्तू पानावर आली की भीती खरी वाटते.

आम्ही लोकसाहित्याशी इमान राखा म्हणून हटून बसलेलो नाही, हे इथेच स्पष्ट करतो. जुन्या गाथाही एकसारख्या नाहीत. टॅम लिन या फेअरींनी पळवलेल्या माणसाच्या गाथेत फेअरीच त्याचं रूप बदलताना त्याला तापलेली लोखंडी कांब करतात. तिथे लोखंडाचं वावडं कुठे गेलं? नियम तुम्ही नवा करा, उलटा करा. पण पान ४० वर जो केलात तो पान ४०० वरही असू द्या.

टॅम लिनचं नाव निघालंच आहे तर आता प्रेमाकडे येतो.

ही गाथा स्कॉटलंडच्या सीमाभागातली. एट्रिक आणि यारो या नद्यांच्या संगमाजवळचं कार्टरहॉ हे तिचं ठिकाण. फ्रान्सिस जेम्स चाइल्डने जमवलेल्या जुन्या गाथांच्या संग्रहात ती ३९ व्या क्रमांकावर आहे आणि या प्रकारच्या कितीतरी कादंबऱ्यांची ती आजी आहे. फेअरी दर सात वर्षांनी नरकाला एक बळी देतात आणि यंदाचा बळी आपणच असू अशी टॅम लिनला धास्ती आहे. हॅलोविनच्या मध्यरात्री त्याला सोडवायला त्याची प्रेयसी जॅनेट चौरस्त्यावर थांबते. काळा घोडा जाऊ द्यायचा, तपकिरी जाऊ द्यायचा, पांढऱ्यावरच्याला खाली ओढायचं. खूण काय, तर त्याच्या एका हातात हातमोजा असेल आणि दुसरा हात मोकळा. मग तो तिच्या मिठीत साप होतो, अस्वल होतो, सिंह होतो, तापलेली कांब होतो, निखारा होतो. तिने सोडायचं नाही. शेवटी विहिरीच्या पाण्यात टाकायचं आणि वर आपला हिरवा झगा पांघरायचा. सगळं काम तिचं आहे. काय होणार हे तिला आधी सांगितलेलं आहे आणि तरी ती स्वतः ठरवून आलेली आहे.

आता आजची नायिका बघा. ती दरबारात येते, तिला फेअरी दारू पाजली जाते, शुद्ध हरपते, ती सगळ्यांसमोर नाचते, आणि सकाळी कळतं की नायकाने हे तिच्या ‘संरक्षणासाठी’ केलं होतं. पुढच्या प्रकरणात ती त्याच्या डोळ्यांवर भाळलेली असते. नजरबंदी करून किंवा अंमल चढवून मिळवलेली संमती ही संमती नसते. असे प्रसंग लिहूच नका असं आम्ही म्हणत नाही. फेअरींची मोहिनी भयंकर असते, ती दाखवायलाच हवी. पण पुस्तकाला स्वतःला कळलं पाहिजे की इथे काहीतरी भयंकर घडलं. त्याचा हिशेब पुढे कुठेतरी व्हायला हवा, नायकाकडून आणि नायिकेच्या मनातही. तेरा-चौदाव्या वर्षी वाचणाऱ्या मुलीला हा फरक पुस्तकातून कळला नाही, तर ती तो प्रसंग गोड आठवण म्हणून सोबत नेते.

वयातल्या अंतराचंही तसंच. ती सतरा, तो पाचशे. दिसायला एकोणीस असणं हा खुलासा होत नाही. पाचशे वर्षं जगलेल्या जिवाला सतरा वर्षांच्या मुलीत काय दिसलं, याचं उत्तर कथेत हवं. तो खरोखर पाचशे वर्षांचा वाटायलाही हवा: मेलेल्या माणसांची नावं त्याच्या तोंडी यावीत, माणसांच्या घाईचा त्याला उलगडा होऊ नये. नुसतं चिडकं आणि मत्सरी वागणं म्हणजे प्राचीनत्व नव्हे. आणि ‘जन्मजात बंध’, ‘नियतीने बांधलेला जोडीदार’ हा जो धागा मालिकेमागून मालिकेत येतोय, त्याने लेखकाचं कष्टाचं काम वाचतं एवढंच. दोघं एकमेकांची का झाली हे दाखवायचं राहतं आणि त्याऐवजी छातीत एक कळ येते.

एक तक्रार नावांची. फेअरींचा राजा ओबेरॉन मध्ययुगीन फ्रेंच काव्यातून आला, राणीचं टायटेनिया हे नाव शेक्सपिअरने रोमन कवी ओव्हिडकडून घेतलं, भल्या आणि बुऱ्या फेअरींसाठीचे सीली आणि अनसीली हे शब्द स्कॉट्स, फेअरी लोकांची शी आणि तुअहा डे डॅनन ही नावं आयरिश. सगळं एका पातेल्यात ढवळायला मनाई नाही, पण निदान जिवंत भाषेचा मान ठेवा. ‘साउइन’ या आयरिश सणाचं स्पेलिंग बघून वाचक तीनशे पानं ‘सामहेन’ वाचतो. ईफा या नावाचं ‘आओइफे’ होतं, नीवचं ‘निआम्ह’. पुस्तकाच्या सुरुवातीला अर्ध्या पानाची उच्चारसूची द्यायला खर्च किती येतो?

आणि चेंजलिंग, म्हणजे फेअरींनी माणूस पळवून त्याच्या जागी ठेवलेला तोतया, ही कल्पना वापरताना जरा जपून. १८९५ च्या मार्चमध्ये आयर्लंडमधल्या टिपररी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी या सव्वीस वर्षांच्या बाईला तिच्या नवऱ्याने जाळलं. ही माझी बायको नव्हे, बदललेली आहे, असं तो म्हणत होता. सदोष मनुष्यवधासाठी तो पंधरा वर्षं तुरुंगात होता. आजारी माणसाला ‘हे आपलं नव्हेच’ म्हणण्याची सोय या समजुतीत होती. तिच्यावर चांगली कादंबरी होऊ शकते. नायिका अखेर खरी फेअरी राजकन्या निघते, एवढ्या एका धक्क्यासाठी ती वापरणं आम्हाला पटत नाही.

आवृत्त्यांचा घोळ तर विचारू नका. मालिका अर्ध्यात असताना पुस्तकाची उंची बदलते, मुखपृष्ठाची शैली बदलते. एक जादा प्रकरण एका दुकानाच्या आवृत्तीत, दुसरं दुसऱ्याच्या, आणि त्यातलंच एखादं पुढच्या भागात सगळ्यांना माहीत असल्यासारखं गृहीत धरलेलं. पानांच्या कडा सोनेरी रंगवल्यात आणि आत नायकाचे डोळे पान ६० वर हिरवे, पान २१० वर करडे. नकाशा देता तर त्यावर मोजपट्टी द्या. घोडा रोज चाळीस-पन्नास किलोमीटर जातो असं धरलं तर तुमच्या पात्रांचा तीन दिवसांचा प्रवास नकाशावर दीडशे किलोमीटरच्या आत बसायला हवा.

आता पुन्हा कपाटाकडे, कारण त्या बाबतीत थांबायची आमची तयारी नाही. अठरापुढच्या वाचकांसाठी ‘न्यू ॲडल्ट’ हा शब्द सेंट मार्टिन्स प्रेसने २००९ मध्येच पुढे आणला. शब्द हाताशी आहे, वाचक हाताशी आहे, तरी प्रौढ मजकूर किशोरांच्या नावाने विकला जातो. त्याच वेळी खऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकासाठी लिहिलेली फेअरीकथा ‘यात स्पाइस (म्हणजे शृंगार) कमी आहे’ म्हणून मागे पडते. नुकसान दोघांचंही होतं. लहान वाचकाला नको ते मिळतं, मोठ्याला हवं ते आडून-आडून मिळतं.

आमचं म्हणणं असं: प्रत्येक पुस्तकाच्या मलपृष्ठावर, बारकोडच्या शेजारी, वयाचा आकडा छापा आणि त्याखाली साध्या शब्दांत मजकुराचं स्वरूप लिहा. शय्याप्रसंग आहेत का, असल्यास दाराआड की सविस्तर. अंमल चढवून केलेली जबरदस्ती आहे का. छळाची वर्णनं आहेत का. ऑनलाइन विक्रीच्या पानावरही तेच शब्द असू द्या. पहिल्या भागावर संपूर्ण मालिकेचा कमाल आकडा हवा. पुढचे भाग लिहून झाले नसतील तर तसं लिहा, आणि पुढे आकडा वाढला तर त्या भागाच्या मुखपृष्ठावर ठळक सांगा. कपाट बदलायची वेळ आली तर मुखपृष्ठ बदलून गुपचूप हलवू नका. का हलवलं ते आवृत्तीच्या पहिल्या पानावर दोन ओळींत छापा.

यातलं काहीही नव्या हंगामाची वाट बघण्यासारखं नाही. ज्या मालिका आज सुरू आहेत त्यांच्या पुढच्या पुनर्मुद्रणापासून वयाचा आकडा, मजकुराची माहिती आणि उच्चारसूची द्यायला लागा. ज्या कादंबऱ्या आत्ता संपादकाच्या टेबलावर आहेत त्यांच्यातल्या प्रत्येक सौद्याचे शब्द छापण्याआधी एकदा मोठ्याने वाचा.

कळावे,

या कादंबऱ्यांचे नियमित वाचक